हनोईत रस्ता ओलांडताना

जनाबिया, बहारीन
५ डिसेंबर २०२४

प्रिय निवेदिता,

पाकीट बघून दचकू नकोस, कुणी गेलं-बिलं नाही. डोक्याला मार लागल्यामुळे फोनचा स्क्रीन बघायचा नाही आणि फार बोलायचं नाही अशी तुला ताकीद आहे, असं कश्मिराकडून कळलं. म्हटलं, शाळेत असताना मे महिन्याच्या सुट्टीत लिहायचो तसं कागदावरच लिहू. इथल्या मराठी मंडळातले एक गृहस्थ सांगलीला निघालेत, त्यांच्याबरोबर हे पत्र आणि खजुराचा डबा देते आहे. डबा एकट्या वरुणच्या हाती लागू देऊ नकोस. तुझा मुलगा लहानपणापासून गोडाच्या बाबतीत विश्वासू नाही.

पाय कसा आहे? आत घातलेली सळई टोचते का?

कश्मिरा म्हणते, तुला हनोईतलं सगळं तुटक तुटक आठवतं आणि कुणी आठवण करून दिली तर बरं, असं डॉक्टरांचं म्हणणं आहे. तर ऐक. कस्तुरीनं शाळेच्या ग्रुपवर टाकलं, ‘पन्नाशी उलटली, आता तरी पाठीवर पिशवी टाकून निघू या.’ नवरे नकोत, टूर कंपनी नको, सुटकेस नको. हो-हो म्हणणाऱ्या खूप होत्या, निघालो आपण चौघीच. मी इथल्या सीफच्या मॉलमधून एवढी मोठी सॅक आणली की कश्मिरा म्हणाली, हिच्यात मेधाच बसेल आणि आपण तिला उचलून नेऊ. बावीस वर्षं परदेशात काढलेली मी, त्यामुळे विमानतळापासून हॉस्टेलपर्यंत सगळी सूत्रं माझ्याकडे. हॉस्टेलात दुमजली पलंग निघाले तेव्हा माझा चेहरा पडला आणि तू मात्र शिडीवरून सरसर वर गेलीस.

जुन्या शहरात एकेका मालाची एकेक गल्ली होती. पत्र्याच्या डब्यांची, रेशमाची, दोऱ्यांची. तुला चष्म्यांची गल्ली सापडली आणि आम्ही तिघी तुझ्यापुरत्या संपलो. मिरजेतली चष्मेवाली आणि हनोईतला चष्मेवाला हातवारे करत गप्पा मारत होते. तिथून तू दुकानासाठी पिशवीभर फ्रेमा घेतल्यास. आठवतं?

आणि तिथले रस्ते. स्कूटरींचा नुसता लोंढा, सिग्नल नावापुरता. हॉस्टेलच्या मुलीनं आपल्याला शिकवलं होतं, की सरळ उतरायचं, हळू चालत राहायचं, थांबायचं नाही आणि मागे तर अजिबात पळायचं नाही. स्कूटरवाले आपणहून वळून जातात.

शेवटच्या सकाळी अंड्याची कॉफी प्यायला कस्तुरी आणि कश्मिरा पुढे गेल्या होत्या. आपण दोघी मागून निघालो. रस्त्याच्या मध्यावर तुला चक्कर आली, तू माझा हात सोडून थांबलीस आणि स्कूटर आली. एवढंच झालं. त्यावर डोकं शिणवू नकोस.

माझ्या निहारची परीक्षा होती म्हणून मला लगेच परत यावं लागलं. कश्मिरा तुझ्याजवळ थांबली, तिचे उपकार आहेत. लवकर बरी हो.

तुझी,
मेधा

■

मिरज
१६ डिसेंबर २०२४

मेधे,

खजूर पोचले, अर्धे वरुणनं खाल्ले. तो पुण्याहून येऊन इथे बसलाय, लॅपटॉप मांडून. दिवसभर इंग्रजीत मिटिंगा घेतो आणि मध्येच हेडफोन काढून मला विचारतो, ‘आई, पाणी प्यालीस का?’ माझं वय झालंय हे मला कुणी सांगितलं नव्हतं, याच्याकडून कळलं.

तुझं पत्र फार गोड आहे. वाचून बरंच आठवलं. चष्मेवाला तर स्पष्टच आठवला, त्याला मी आपल्याकडच्या गोल फ्रेमचं कौतुक सांगत होते. पण शेवटच्या सकाळचं काही जुळत नाही बघ. मला आठवतं ते वेगळंच आहे. तू सगळ्या प्रवासात रस्ता ओलांडायला घाबरायचीस आणि मी तुला हाताला धरून न्यायची. म्हणजे हात मी धरलेला असायचा. त्या दिवशीही तुझा हात माझ्या हातात होता, घामानं ओला. मग एक हिसका. मग मला कुणीतरी फुटपाथवरच्या एका खानावळीच्या बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलांमध्ये आणून झोपवलेलं आणि एक आजीबाई माझ्या तोंडावर पाणी मारतेय.

चक्कर काही आठवत नाही. मला जन्मात चक्कर आलेली नाही गं. बाळंतपणातसुद्धा नाही. पण तू जवळ होतीस, तू बघितलंस, म्हणजे आलीच असणार. हनोईच्या डॉक्टरांनीही तसंच लिहिलंय. चक्कर येऊन पडली.

आता आमच्या मिरजेत डॉक्टरांना काय तोटा. वरुणनं एक सोडून तीन गाठलेत. पायाचं कुणी विचारतच नाही, सगळे डोक्याच्या मागे. चक्कर का आली, आधी कधी आली होती का, विसरायला होतं का. काल एकानं मला आठवड्याचे वार उलटे म्हणायला लावले. मी म्हटले. मग म्हणाला, दुकान एकट्या सांभाळता? स्कूटर चालवता? आणि वरुणकडे बघून मान हलवली. मला ती मान आवडली नाही.

म्हणून तुला विचारते. नीट आठवून लिही, की मी थांबले तेव्हा काही बोलले का? डोळ्याला हात लावला का? पडायच्या आधी माझा चेहरा कसा होता? तू एकटीच साक्षीदार आहेस माझी.

निवेदिता

ता. क. फोन केला होता परवा, वरुणच्या फोनवरून. तू उचलला नाहीस. बहारीनमध्ये इतकी कामं असतात होय?

■

जनाबिया
२७ डिसेंबर २०२४

प्रिय निवेदिता,

तुझं पत्र शैलेंद्रच्या ऑफिसच्या पोस्टबॉक्सवर आलं. इथे घरोघर टपाल येत नाही. तो पाकीट उलटसुलट करून म्हणाला, ‘अजून लोक लिहितात का?’ फोन वाजला तेव्हा मी गाडी चालवत होते. नंतर करते म्हटलं आणि राहून गेलं.

इथल्या नॅशनल डेच्या लाल-पांढऱ्या माळा अजून उतरल्या नाहीत. हवा इतकी सुरेख आहे की उगाच खिडक्या उघड्या टाकून बसावं. परवा आम्ही रिफाला गेलो होतो, मंडळाच्या स्नेहमेळाव्याला. छान झाला. पुरणपोळ्या होत्या.

तू विचारतेस ते सगळं आठवून लिहायचं म्हटलं तर फार काही नाही गं. एका क्षणात झालं. तू काही बोलली नाहीस. चेहरा पाहिला नाही मी नीट. डोक्याला मार लागला की आठवणी अशाच उलटसुलट होतात, हे इंटरनेटवरही आहे. आधीच्या दिवसांत तू मला हाताला धरून नेत असशील, त्या दिवशी मी तुला धरलं होतं. त्याचं काय एवढं. जे झालं ते झालं, खलास.

आणि वरुणवर चिडू नकोस. मुलं काळजीपोटी करतात. त्याचं थोडं ऐक. एकट्या बाईनं दुकान, स्कूटर, बँक सगळं ओढत राहायचं, हे कधीतरी थांबायलाच हवं ना? पुण्यात तुला आराम मिळेल.

काजू-बदाम आणि केशर पाठवते आहे. खा आणि विश्रांती घे.

तुझी,
मेधा

■

मिरज
९ जानेवारी २०२५

मेधे,

केशर मिळालं. सारखं काय पाठवतेस? मी काय बाळंतीण आहे?

पण खरं तर हे पत्र आभार मानायला लिहितेय. कस्तुरी भेटायला आली होती. तिनं फोनवर मला तुमच्या मेळाव्याचा व्हिडिओ दाखवला. (वरुण भाजीला गेला होता, म्हणून स्क्रीन बघता आला.) तू निळ्या पैठणीत, मागे पडद्यावर हनोईचे फोटो, आणि विषय ‘पन्नाशीतली पाठपिशवी’. किती छान बोललीस. आणि शेवटी तू सांगितलंस ते ऐकून मी थक्कच झाले. चक्कर आलेल्या मैत्रिणीला तू मागे ओढलंस म्हणून स्कूटर नुसती पायावरून गेली, नाहीतर ती आज नसती. सगळ्या हॉलनं टाळ्या वाजवल्या. अगं, हे तू मला का नाही कळवलंस? मला वाटत होतं की एक हिसका आठवतो तो कसला? तो तुझा होता तर. तू मला वाचवत होतीस आणि मी वेडी मनातल्या मनात तुझ्यावरच संशय घेत होते. हो, घेत होते. आता सांगायला हरकत नाही. माझा जीव तुझ्यामुळे आहे, मेधे. मी कोत्या मनाची ती कोतीच राहिले.

बाकी इथलं फारसं बरं नाही. एमआरआय स्वच्छ आला. मी म्हटलं, सुटलो. तर वरुण म्हणतो, कारण सापडलं नाही म्हणजे जास्तच वाईट, पुन्हा कधीही येऊ शकते. डॉक्टरांनी चक्करेच्या गोळ्या सुरू केल्यात. त्या घेतल्या की दिवसभर डोक्यात कापूस भरल्यासारखं वाटतं. परवा वॉकर धरून उभी राहिले आणि खोली फिरली. म्हणजे आता खरोखरच येतेय चक्कर. वरुणनं ते बघितलं आणि विषय संपला.

दुकानाचं ठरलंय. सांगलीचे एक व्यापारी माल आणि गाळा दोन्ही घ्यायला तयार आहेत. महिनाअखेरीस किल्ली द्यायची. स्कूटर वरुणच्या मित्रानं नेलीसुद्धा. मग मी पुण्याला, वरुणच्या सोळाव्या मजल्यावरच्या घरी.

हे गेले तेव्हा मला चष्म्याचा नंबर कशाशी खातात ठाऊक नव्हतं. रडत रडत शिकले त्या गाळ्यात. आता भांडले असते वरुणशी, कडाकडा भांडले असते. पण कशाच्या जोरावर भांडू? माझंच मला खात्रीचं वाटेनासं झालंय. तुझा हात मी धरला होता असं मला लख्ख दिसतं, आणि ते खोटं आहे. तर मग आणखी काय काय खोटं असेल? काल गिऱ्हाइकाचं नाव आठवलं नाही तर रडू आलं. सासूबाईंचं शेवटी झालं होतं तसं माझं होणार का, याची भीती वाटते. दिवसादेखील वाटते.

तू पुण्याला जा म्हणालीस ते बरोबरच होतं. तुला आधी दिसलं, मला उशिरा.

तुझी ऋणी,
निवेदिता

■

जनाबिया
१५ जानेवारी २०२५

निवेदिता,

हे पत्र कुरियरनं पाठवते आहे. महिनाअखेरीच्या आत तुझ्या हातात पडेल. किल्ली देऊ नकोस.

तुला चक्कर आली नव्हती.

हात तू धरला होतास. प्रवासभर तूच धरायचीस आणि त्या दिवशीही तूच धरला होतास. रस्त्याच्या मध्यावर एक स्कूटरवाला अगदी माझ्या अंगाला घासून हॉर्न मारत गेला आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी तुझा हात हिसडून टाकला आणि मागे पळाले. जे करू नका म्हणून त्या पोरीनं चारदा सांगितलं होतं, तेच केलं. तू थांबलीस ती मला बघायला. मागे वळलीस, ‘मेधा’ म्हणालीस, आणि तुला धडक बसली. तेव्हा मी फुटपाथवर होते, एका झाडाला धरून. तू विचारलं होतंस ना, की पडायच्या आधी मी काही बोलले का? माझं नाव बोललीस.

कस्तुरी आणि कश्मिरा पलीकडून धावत आल्या. कस्तुरी ओरडली, ‘काय झालं?’ माझ्या तोंडून निघालं, ‘तिला चक्कर आली.’ ठरवून नाही गं. पण एकदा निघालं ते निघालं. तेच मी हॉस्पिटलात सांगितलं, तेच त्यांनी लिहून घेतलं, तेच वरुणला फोनवर सांगितलं. दर वेळी सोपं होत गेलं. निहारची परीक्षा आठवडाभर पुढे होती. तू नीट शुद्धीवर यायच्या आत मला तिथून निघायचं होतं.

माझी गंमत बघ. बावीस वर्षं परदेशात राहिले म्हणून मी तुम्हाला मिरवून दाखवत होते. आणि या बावीस वर्षांत मी एक रस्ता पायी ओलांडलेला नाही. घरातून गाडीत, गाडीतून मॉलच्या पार्किंगमध्ये. चहासुद्धा दुकानासमोर हॉर्न वाजवला की गाडीच्या खिडकीत येतो. मला रस्ता येतच नव्हता. पहिल्या दिवशी सांगितलं असतं की मला भीती वाटते, तर तुम्ही हसला असता आणि संपलं असतं. ते सांगायची लाज वाटली, त्यापायी हे सगळं.

आणि तो मेळावा. मी नुसते फोटो दाखवणार होते. पण लोक ऐकत होते, कुणीतरी विचारलं, ‘मग तुम्ही काय केलंत?’ आणि मी म्हणाले, ‘ओढलं मागे.’ टाळ्या वाजल्या तेव्हा मला छान वाटलं. हे लिहायला सगळ्यात जड जातंय, की छान वाटलं. घरी येताना गाडीत निहार शाळेतल्या मित्रांना मेसेज करत होता, ‘माय मॉम सेव्ह्ड समवन.’ मी त्याला थांबवलं नाही.

खाई त्याला खवखवे. म्हणून तुझे फोन उचलत नव्हते, म्हणून केशर आणि बदाम. पण तू ‘ऋणी’ म्हणून सही केलीस आणि मला ते पत्र हातात धरवेना. तुझं डोकं शाबूत आहे, निवे. तुला जे लख्ख दिसतं ते तसंच घडलंय. पुण्याला जा म्हणाले, कारण तू लांब जाऊन गप्प झालेली मला हवी होतीस.

माफी मागायला तोंड नाही. हे पत्र वरुणला दाखव, म्हणजे त्यालाही कळेल.

मेधा

■

मिरज
२१ जानेवारी २०२५

मेधा,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं.

पहिल्यांदा वाचून मला काय झालं, सांगू? आनंद झाला. मी मोठ्यानं हसले, वरुण बाहेरून पळत आला. मला वेड लागत नाहीय, माझं मला बरोबर आठवतं, एवढंच डोक्यात होतं. देवापुढे साखर ठेवली. तुझा राग यायला दुसरा दिवस उजाडावा लागला.

मग मात्र आला. आणि त्याचं कारण हात सोडलास हे नाही. तू घाबरट आहेस हे मला चौथीपासून ठाऊक आहे. कुत्रं दिसलं की तू माझं दप्तर पुढे करायचीस. तिथल्या तिथे, त्या स्टुलांमध्ये पडल्या पडल्या सांगितलं असतंस की ‘निवे, मी पळाले’, तर पाय मोडलेला असतानाही तुला शिव्या घालून हसले असते. पण आपण शाबूत आहोत एवढ्या बातमीनं देवापुढे साखर ठेवण्याइतकी दशा तू माझी केलीस. मी पत्रातून तुला विचारत होते, हात जोडून विचारत होते, आणि तू मला केशर पाठवत होतीस. ते मी विसरणार नाही. विसरायचा प्रयत्नही करणार नाही.

आणि अजूनही तुझी सवय गेली नाही. ‘पत्र वरुणला दाखव.’ मी का दाखवू? पुन्हा माझ्याच हातानं? घरात फोन आहे. कुरियर पोचायच्या आत किल्ली दिली असती तर?

वरुणला तू सांगायचंस. तोंडानं. तोपर्यंत तो माझ्यावर विश्वास ठेवणार नाही. मी सांगितलं तर म्हणतो, ‘आई, तुला तसं वाटतंय.’ मंडळात काय सांगायचं ते तुझं तू बघ. तिथे माझं काही अडलेलं नाही.

निवेदिता

■

जनाबिया
६ फेब्रुवारी २०२५

निवेदिता,

तुझं पत्र हातात पडलं त्याच दुपारी वरुणला फोन केला. तुला त्यानं सांगितलंच असेल, तरी माझ्याकडून लिहिते. मी एका दमात सगळं बोलले. तो म्हणाला, ‘मावशी, त्या गोळ्या मी तिला माझ्या हातानं दिल्या. नको म्हणत होती तरी दिल्या.’ आणि ‘ठेवतो’ म्हणाला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. लहानपणी तुझ्याबरोबर स्टेशनवर मला सोडायला यायचा, गाडी दिसेनाशी होईपर्यंत हात हलवायचा. तो आता माझा फोन कधी उचलेल असं वाटत नाही.

कस्तुरी आणि कश्मिराला ग्रुपवर न लिहिता एकेकीला फोन करून सांगितलं. कश्मिरानं फक्त विचारलं, ‘आणि मी तिला विमानात सगळा वेळ समजावत आणलं, की तुला चक्कर आली होती?’

मंडळाचं हळदीकुंकू परवा इथल्या भक्ती म्हणून एकीच्या घरी झालं. व्हिडिओ बघितलेल्या बहुतेक जणी तिथे होत्या. एकीनं मला पुढे बसवलं, ‘या, आमच्या धाडसी बाई’ म्हणून. मी तिथेच सांगितलं. मी वाचवलं नाही, मी पळाले, ती माझ्यामुळे पडली, आणि नंतर खोटं बोलले. मग भक्ती म्हणाली, ‘जाऊ द्या हो, होतं माणसाकडून. यल्ला, चला, तिळगूळ घ्या.’ आणि सगळ्या घाईघाईनं दुसरं काहीतरी बोलू लागल्या. मला वाण मिळालं, स्टीलची चहाची गाळणी. आता सीफला कुणी भेटलं तर जरा जास्तच गोड बोलतात आणि निघून जातात. बरोबर आहे त्यांचं.

घरी सगळ्यात अवघड गेलं. शैलेंद्र म्हणाला, ‘मला तेव्हाच सांगायचंस.’ निहारला मराठीत सांगितलं. तो सगळं समजतो, उत्तर इंग्रजीत देतो. मग त्यानं विचारलं, ‘रनिंग अवे इज ओके, मम्मा. व्हाय डिड यू ब्लेम हर?’ पळण्याचं त्याला काही वाटलं नाही बघ. तू लिहिलंस तेच सोळा वर्षांच्या पोराला पहिल्या झटक्यात कळलं. मी भांडी घासायला घेतली.

रोज सकाळी मी कंपाउंडच्या बाहेर पडून समोरच्या कोल्ड स्टोअरपर्यंत (इथे किराणा दुकानाला तसं म्हणतात) चालत जाते आणि पायी रस्ता ओलांडते. गाड्या थांबतात, लोकांना वाटतं बाईची गाडी बंद पडली. अजून भीती जात नाही. हे तुला सांगून काही मागत नाही. एवढंच की कळावं.

दुकानाचं काय झालं, लिहिशील का? नाही लिहिलंस तरी मी समजेन.

मेधा

■

मिरज
३ मार्च २०२५

मेधा,

लिहिणार नव्हते. महिनाभर नाहीच लिहिलं.

दुकान चालू आहे. वरुणनं सांगलीच्या व्यापाऱ्यांना स्वतः नाही म्हणून कळवलं आणि मित्राकडून स्कूटर परत आणली. ती जिन्याखाली उभी आहे, पाय बरा झाला की चालवीन. गोळ्या बंद केल्या आणि आठवड्यात डोक्यातला कापूस गेला. वरुण पुण्याला गेलाय. जाताना पाया पडला, तो नेहमी पडतोच, पण या वेळी लवकर उठेना. त्याला तुझ्याशी बोलायचं की नाही ते त्याचं तो ठरवेल, मी मध्ये पडणार नाही.

हनोईच्या फ्रेमा काचेत मांडल्यात. कॉलेजच्या पोरी उचलतात. एकीनं विचारलं, कुठून आणल्या? मी सगळी गोष्ट सांगितली, तुझ्यासकट. नाव सांगितलं नाही.

तू मला पुष्कळदा आठवतेस, आणि बहुतेक वेळा रागानंच. कधी कधी त्या हॉस्टेलच्या पलंगावर खाली झोपून तू सॅकला मिठी मारली होतीस ते आठवतं आणि हसू येतं. मग हसल्याचा राग येतो. सध्या असं आहे. पुढचं माहीत नाही.

मेमध्ये तू माहेरी येतेस दर वर्षी. या वर्षीही ये. रिक्षा दुकानाच्या दारात आणायची नाही. पलीकडे लक्ष्मी मार्केटपाशी उतरायचं. आमचा हा रस्ता हनोईसारखा नाही, पण ट्रक, म्हशी, रिक्षा, सगळं आहे. मी दुकानाच्या पायरीवर काठी घेऊन उभी राहीन. तुला न्यायला येणार नाही आणि हात धरणार नाही. तुझी तू चालत ये.

निवेदिता